सतरा नंबरची सायकल

कर्जत, ता. ६ नोव्हेंबर १९४६

रा. रा. कोंडाजीराव मते, मुक्काम वावोशी, पेटा खालापूर, यांस कर्जतहून आबाजी घारे याचा रामराम.

भाऊबीजेच्या सकाळी तुमची बैलगाडी माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. गाडीवान उतरला, तांब्याभर पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आबाशेट, दोन नग हायेत. उतरून घ्या." एक नग म्हणजे माझी मुलगी जयवंता, तुमची सून. दुसरा नग तुमची सायकल. दोघींना एकाच पेंढ्यावर बसवून धाडलंत. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावयाला दिवाळसणाचं बोलावणं केलेलं, त्याच्यासाठी धोतरजोडी आणून ठेवलेली. जावई नाही. त्याच्याऐवजी हँडलाला सुतळीनं बांधलेली तुमची चिठ्ठी: "सायकल जशी होती तशी करून द्या. मग मूळ धाडू."

म्हणजे सायकल तुमच्या मनासारखी होईपर्यंत वावोशीहून सुनेला न्यायला कोणी येणार नाही, आणि कोणी न्यायला आल्याशिवाय सुनेनं जायचं नाही, ही आपली रीत. तोवर मुलगी माझ्या घरी, आणि बाजारातल्या प्रत्येक बाईच्या तोंडी. वा!

कोंडाजीराव, बावीस वर्षं मी सायकली दुरुस्त करतो आहे. आजवर जो आला तो म्हणाला, आबाशेट, जुनी आहे, नवी करून द्या. नवी आहे ती जुनी करून द्या म्हणणारे या अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात तुम्ही पहिले. शिवाय माझा गुन्हा तरी काय? आषाढात तुम्ही सायकल धाडलीत ती ब्रेक लागत नाही म्हणून. दुसरा कोणी असता तर ब्रेक बसवून मोकळा झाला असता. मी म्हटलं, व्याह्यांची आहे, साहेबानं बक्षीस दिलेली आहे, तिचं सोनं करू. सगळी उघडली. तो डांबरासारखा काळा रंग खरवडून काढला. लढाईच्या आधीचा हिरव्या रंगाचा एक डबा मी जिवापाड जपून ठेवला होता, तो तुमच्यासाठी फोडला. नवं हँडल, नवी सीट, चकचकीत मडगार्ड. व्हॉल्व्हची रबरी नळी मिळायची मारामार असताना हे सगळं कुठून पैदा केलं ते माझं मला ठाऊक. दसऱ्याला झेंडूची माळ घालून स्वतः चालवत वावोशीला आणली. गाव बघायला जमलं होतं. आपण जेवायला बसलो. मग तुम्ही अर्ध्या पानावरून उठलात. पोट बिघडलं असेल असं मी समजलो.

तेव्हा राग सोडा आणि जावयाला धाडून द्या. हिरवा रंग डोळ्यांना थंड असतो.

आपला,
आबाजी

कर्जत, ता. २१ नोव्हेंबर १९४६

कोंडाजीराव यांस रामराम.

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन ओळी: "पोट उत्तम आहे. सायकलीचं बघा." बघतो आहे.

जयवंतेची आई माझ्याशी बोलत नाही. भाकरी पुढे सरकवते ती पायानं सरकवल्यासारखी. काल मी म्हटलं, "सोनाबाई, भातात खडा लागला." तर भिंतीकडे बघून म्हणते, "खडा बारका व्हता. दसऱ्याला टाकलात तेवडा नव्हता." मी खडा निवडून ताटाच्या कडेला ठेवला.

असो. तुमच्या सायकलीचे मूळचे भाग मी उकिरड्यावर फेकले, असा तुमचा समज असेल तर तो चुकीचा आहे. लोखंड मी फेकत नाही. ते लोकांना देऊन टाकले, आणि आता एकेकाच्या दारात जाऊन परत मागतो आहे. देताना मी आबाशेट होतो, मागताना भिकारी झालो.

पुढच्या चाकाच्या टायरवर दाबला जाणारा तो ब्रेकचा लांब दांडा आठवतो? तसले ब्रेक हल्ली कोणी बनवत नाही. तो मी कशेळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या चिंधीबाईला दिला होता. ती त्यावर ताडपत्री ताणून बसते. जाऊन-येऊन आठ कोसांची तंगडतोड केली.

म्हणाली, "आबाशेट, दिल्यालं परत मागतात का?"

म्हटलं, "बाई, माझी पोर अडकलीय तुझ्या ताडपत्रीत."

सगळं सांगितलं तेव्हा पदराआड हसली. "मंग न्या पोरीच्या नावानं. पन बदल्यात दांडा द्या, आन त्यो सरळ द्या. ह्यो वाकडा व्हता, पावसाचं पानी माज्या बोंबलावर यायचं."

तीन स्प्रिंगांची ती कातडी सीट पोशीरला माझ्या थोरल्या भावाकडे होती. तो तिच्यावर बसून म्हैस पिळतो. तो देईना. सीट हलली तर म्हैस पान्हा चोरेल म्हणाला. शेवटी त्याला नवी सीट दिली, हिरव्या सायकलीवर होती तीच. आता म्हैस काय करते ते मला कळवू नको, असं सांगून आलो. तेलाचा दिवा समोरच्या चहावाल्या कमळ्याकडे होता. त्यानं दिला, पण चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "आबाशेट, धंदा उलटा चालवला का?"

राहिलं हँडल. ते भंगारवाल्याला दिलं होतं, ते वितळून गेलं, आता येत नाही. तसं खाली झुकलेलं, टोकांना परत वर वळलेलं हँडल आता विलायतेतही मिळणार नाही. एका जुन्या लोखंडी खाटेची नळी घेतली, आत वाळू ठासली, तापवली आणि ऐरणीवर वाकवली. तीन नळ्या मोडल्या. चौथी वळली. मुठींना म्हशीचं शिंग कापून बसवलं आहे.

तुमच्याकडे भातकापणी चालू असेल. आमच्या जावयाला, नामाला, चार दिवस सवड मिळाली तर त्यानं येऊन काम बघून जावं. बघण्यापुरतं. मूळ म्हणून नव्हे.

आपला,
आबाजी

कर्जत, ता. ९ डिसेंबर १९४६

कोंडाजीराव यांस रामराम.

या पत्राला तुम्ही उत्तर देणार नाही हे धरूनच लिहितो आहे.

हिरवा रंग उतरवला. तो घालताना जेवढा जीव लावला होता तेवढाच उतरवताना लावला, फक्त शिव्या जास्त दिल्या. मग जुन्या पद्धतीचा काळा रंग: काजळी, चपडी लाख आणि जवसाचं तेल. तो नुसता लावून भागत नाही, भाजावा लागतो. माझ्याकडे एवढी भट्टी कुठली? स्टेशनाजवळच्या पाववाल्याच्या भट्टीत, पाव निघाल्यावर, तुमच्या सायकलीचा सांगाडा ठेवला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या कर्जतनं जवसाचे पाव खाल्ले. पाववाला मला दुकानाची पायरी चढू देत नाही.

रंग असा काळाभोर बसला की मी स्वतः बघत राहिलो. आणि लगेच कपाळाला हात लावला, कारण तो नवा दिसत होता!

मग त्याला म्हातारा करायला बसलो. गुडघे लागतात तिथे विटेची पूड आणि गोणपाट घेऊन घासलं. हँडलाला चिंच आणि मीठ चोळून आठ दिवस शेणखताच्या ढिगात पुरलं, त्यावर असा सुंदर तांबूस गंज चढला की देवीला वाहावा. चढताना बूट लागतो तिथला रंग डाव्या बाजूनं झिजवला, अगदी लोखंड दिसेतो. दोन दिवस गेले.

जयवंता चहा घेऊन आली. उभी राहिली, बघितलं आणि म्हणाली, "आबा, ह्ये चुकलं."

"काय चुकलं गं?"

"मामंजी उजवीकडनं चढतात. डाव्या पायाला जोर नाय त्यांच्या. नदीत दगडाखाली सापडला व्हता ना."

बावीस वर्षांत उजवीकडून चढणारा माणूस मी पाहिला नाही, आणि जो एकच आहे तो माझा व्याही! डावी बाजू परत रंगवली, परत भाजली (चुन्याच्या भट्टीवाल्याकडे, पाववाल्याकडे नव्हे) आणि उजवी झिजवली. हे सांगितलं, कारण आतापर्यंत सायकल तयार असती ती का नाही, हे तुम्हाला कळावं.

पोरगी तिथेच बसून राहिली. काम बघत होती. थोड्या वेळानं विचारते, "आबा, सायकल जुनी व्हईल. तुमी बोललात त्येचं काय?"

मी म्हटलं, "मी काय बोललो?"

"बायका आत वाढीत व्हत्या. आतवर ऐकू आलं."

कोंडाजीराव, आता आडपडदा कशाला. तुमचं पोट बिघडलं नव्हतं, हे मला त्या पानावरच कळलं होतं. रंग खरवडताना सीटखालच्या नळीवर मला आतला जुना लाल रंग लागला, आणि त्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी सतरा. तो आकडा कसला ते मी लगेच ओळखलं. माझ्या सोळा सायकलींवर मी तसेच आकडे घालतो. भाड्यानं द्यायच्या सायकलीला नंबर असतो, घरच्या सायकलीला नसतो. पाटावर बसलो, श्रीखंड झालं, लोक तुमच्या त्या गोष्टीबद्दल बोलायला लागले. खोपोलीच्या वीजघराचं काम चाललं होतं तेव्हा पाताळगंगेच्या पुरातून तुम्ही साहेबाला काढलंत, आणि त्यानं आपली स्वतःची सायकल तुम्हाला दिली. अख्ख्या खालापूर पेट्यातल्या लहान पोरालाही ती गोष्ट पाठ आहे. आणि माझ्या जिभेला खाज सुटली. मी म्हणालो, "व्याहीबुवा, साहेबानं भाड्याची सायकल बक्षीस दिली, की तुम्हीच परत द्यायची विसरलात?"

पंगत हसली. मीसुद्धा हसलो, स्वतःच्याच विनोदाला. तुम्ही उठलात.

चेष्टा होती हो. व्याह्यांची चेष्टा करायची नाही तर कोणाची करायची? आमच्या पोशीरला व्याह्याच्या ताटात दगड वाढतात आणि तो हसतो. तुम्ही सोडून दिलं असतंत तर लोकही विसरले असते.

संक्रांत महिन्यावर आली आहे. पहिली संक्रांत. पोरीनं सुगड सासरी पूजायचं की इथे, ते कळवा.

आपला,
आबाजी

कर्जत, ता. २९ डिसेंबर १९४६

कोंडाजीराव,

लोक विसरले असते, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते शब्द मागे घेतो.

तुम्हाला ठाऊक आहे, माझे कान वाईट आहेत. म्हणजे फार चांगले आहेत. पोशीरहून अनवाणी आलो आणि इथल्या रेल्वे यार्डात, डब्यांची चाकं हातोडीनं वाजवून बघणाऱ्या फिटरमागे तेलाचा डबा धरून सहा वर्षं चाललो. तो गाडीखाली वाकलेला असताना चाक तडकलेलं आहे की नाही ते मी त्याच्या आधी सांगायचो. परवा कमळ्याच्या दुकानात बाकावर पाठमोरा बसलो होतो. मागे दोघेजण चहा पीत होते, बोलण्यावरून तुमच्या बाजूचे. बांधाच्या कुठल्याशा भांडणाचं चाललं होतं.

एक म्हणाला, "मंग पंचात कोन बसलं व्हतं?"

"सतरा नंबर बसले व्हते की."

"त्ये काय म्हनाले?"

"काय म्हनतात. त्यांनी बांध सरकवायला सांगितला, तसा शुक्रा उभा ऱ्हायला आन म्हनाला, आदी तुमी सायकल परत करा, मंग मी जमीन करतो."

दोघं हसले. "मंग?"

"मंग काय, म्हातारा उठून गेला. आता येतच नाय पंचात."

चहा अर्धा टाकून मी उठलो. मी एक वाक्य बोललो, तेही श्रीखंड खाताना, आणि वावोशीत तुमचं नाव बदललं. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोक बांध सरकवत होते, त्याला आता शुक्रा उत्तर देतो. आणि तुम्ही मला कार्डावर लिहिता, सायकलीचं बघा! अहो, एकदा तरी लिहायचंत की, आबाजी, तुझ्या जिभेनं माझं वाटोळं केलं. मी शिव्या खाल्ल्या असत्या. तुम्ही मला गंज चढवायला बसवलंत. दोन महिने मी चिंच चोळतोय, आणि दुखणं भलतीकडेच.

चिडून दुकानात आलो आणि हातोडी घेऊन तुमचा सांगाडा वाजवत बसलो. कामासाठी नाही, कशावर तरी हातोडी मारायची होती म्हणून. वरची नळी वाजली, खणखणीत. पुढची वाजली. सीटखालची वाजली. पायडलांचा आस जिथून आरपार जातो त्या आडव्या नळीवर मारली तर थप्प. आवाज मेलेला. परत मारली, परत थप्प. उलटी केली. नळीच्या पोटाला चिखल, तेल आणि डांबर यांचं बोटभर जाड ढेकूळ चिकटलेलं. दगड झालेलं. खाली असल्यामुळे माझा खरवडा तिथे पोचलाच नव्हता, भट्टीनंही ते सुटलं नव्हतं. मी, बावीस वर्षांचा कारागीर, तिथवर हात घातलाच नव्हता.

छिन्नीनं ते काढलं. खाली लोखंडात ठोकलेला आकडा: सतरा. आणि त्या आकड्यावरून आडवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, छिन्नीचा जुना घाव.

हा घाव काय ते मला जगात कोणी शिकवायला नको. भाड्याच्या सायकलीचा नंबर रंगात असतो आणि लोखंडातही असतो. दुकानदार ती सायकल विकतो तेव्हा लोखंडातल्या नंबरावर घाव घालून देतो, पुढे घेणाऱ्याला कोणी चोर म्हणू नये म्हणून. मीही चार सायकलींवर असे घाव घातलेत. पंगतीत बोलायच्या आधी मी ती सायकल उलटी करायला हवी होती. तेवढंच माझं काम होतं. मी जिभेनं केलं ते हातानं आधी करायला हवं होतं.

सायकल भाड्याची होती, पण रीतसर विकली गेलेली होती. तुम्ही कुणाचं काही विसरला नव्हता. मी चुकलो.

हे तुम्हाला एकट्याला लिहून उपयोग नाही, एवढी अक्कल मला आहे. गावाला लिहितो.

आबाजी

कर्जत, ता. ११ जानेवारी १९४७

हे पत्र वावोशीच्या मास्तरांनी चावडीवर, जितके लोक जमतील तितक्यांपुढे मोठ्यानं वाचावं.

वावोशीकर मंडळींना कर्जतच्या सायकलवाल्या आबाजी घाऱ्याचा रामराम. दसऱ्याला मी तुमच्या गावात जेवलो आणि कोंडाजीराव मते यांच्या सायकलीवरून चेष्टा केली. तुम्ही हसलात. ती चेष्टा खोटी होती. सायकलीला नंबर होता हे खरं, पण तो कापलेला आहे. नंबर कापला म्हणजे दुकानदारानं सायकल विकली, आणि विकत घेणारा तिचा मालक झाला. साहेबानं ती विकत घेतली आणि कोंडाजीरावांना दिली. मास्तरांनी सायकल उलटी करावी. पायडलांच्या मधे, खालच्या अंगाला, घाव आहे. ज्याला शंका असेल त्यानं बोट लावून बघावं. त्यानंतरही ज्याला हसायचं असेल त्यानं मला हसावं. मी बावीस वर्षं हाच धंदा करतो आणि मला तो दिसला नाही.

शुक्रा नावाचे गृहस्थ हजर असतील तर त्यांनी बांध सरकवावा.

आता खाली कोंडाजीरावांपुरतं. मास्तर, हे मनात वाचा.

कोंडाजीराव, तुमच्याकडून मूळ येण्याची वाट मी बघत होतो. जयवंता बघत नाही. आज सकाळी गाडी जुंपताना तिनं आपलं गाठोडं आधी टाकलं आणि मग सायकल चढवायला लावली. तिची आई म्हणाली, "अगं, न्यायला कोनी नाय आलं. लोक काय म्हनतील?" तर म्हणाली, "सायकलीला तरी कोन न्यायला आलंय? ती जाती तशी मी जाते." मी आडवा गेलो नाही. दारातून परत धाडायची असेल तर तिला सांगा, मला नको. तिला उत्तर देता येतं. मला ते या महिन्यात कळलं.

घंटी वाजत नाही. जुनी आहे म्हणून नव्हे, मला जमली नाही म्हणून.

आबाजी घारे

वावोशी, ता. १६ जानेवारी १९४७

रा. रा. आबाजी घारे यांस कोंडाजी मते याचा रामराम.

सून पोचली. मूळ न धाडता आली, ते मी मनावर घेतलेलं नाही. संक्रांतीचं सुगड इथे पूजलं. नामा दोन महिने तोंड पाडून हिंडत होता, तो आता माणसात आला.

मास्तरांनी पत्र वाचलं. सायकल उलटी केली. लोकांनी रांग लावून बोटं लावली. शुक्रानंही लावलं. बांध सरकवला. सायकल जशी होती तशी झाली आहे, हँडल सोडून. हँडल पहिल्यापेक्षा बरं आहे.

आता तुमच्यापुरतं. तुम्ही लिहिलंत की साहेबानं विकत घेऊन मला दिली. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, तरी माझ्यासाठी लिहिलंत, आणि लोकांनी मानलं. म्हणून खरं सांगणं मला भाग आहे.

साहेबाला मी काढलं हे खरं. माझा पाय तेव्हाच गेला. साहेब शुद्धीवर आला, त्यानं कपडे झटकले, घोड्यावर बसला आणि गेला. काही बोलला नाही. काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर त्यानं मला ओळखलंही नाही. मी घरी लंगडत आलो. गाव विचारायला लागलं, काय दिलं साहेबानं? जो तो विचारी. काहीच दिलं नाही म्हटलं की हसत. कोणी म्हणे, साहेब नसेलच, म्हैस असेल. त्या साली भात विकलं आणि पुण्याला गेलो. सायकली भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात एक मोडकी विकायला होती. दुकानदारानं माझ्यासमोर घाव घातला. घरी येऊन नंबर डांबरानं झाकला आणि साहेबानं दिली म्हणून सांगितलं. चौतीस वर्षं सांगितलं. बायकोलाही हेच ठाऊक आहे.

हे तुमच्या हाती देतो. चावडीवर तुम्ही माझ्यासाठी बोललात. ते परत फिरवायचं असेल तर फिरवा. मी आड येणार नाही.

कोंडाजी

कर्जत, ता. २० जानेवारी १९४७

कोंडाजीराव यांस रामराम.

पाकीट मिळालं. दुकानात बसून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचावंसं वाटलं तेव्हा उठलो आणि भट्टीत घातलं.

कमळ्या समोरून बघत होता. चहाचा पेला घेऊन आला, न मागता.

"व्याह्यांचं का, आबाशेट? बरंच लांब व्हतं."

कोंडाजीराव, तुम्हाला कल्पना नाही. माझ्या जिभेखाली काय आलं होतं तेव्हा! आयुष्यभर मी बाजारात किस्से सांगितले. त्यातले निम्मे ऐकीव, निम्मे वाढवलेले. आणि हा असा, सबंध, खरा, माझ्या हातात. समोर कमळ्या, त्याच्या मागे बाकावर चौघं, सगळ्यांचे कान इकडे. तोंड उघडलंही होतं.

म्हटलं, "घंटी वाजत नाय म्हनतात."

"एवढ्यासाठी पाकीट?"

"मोठी मान्सं. कारडावर लिवत नायत."

तो हसत गेला. बाकावरचे हसले. मी तो चहा प्यालो, थंड होता. चिंच चोळायला लावलीत, शेणात हात घालायला लावलात, पाववाल्याशी वैर करून दिलंत, त्या सगळ्यापेक्षा ही शिक्षा मोठी आहे. मरेपर्यंतची आहे. तुम्ही ती जाणूनबुजून दिली असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात, एवढं मान्य करतो.

परत फिरवायचं काही नाही. मी चावडीवर लिहिलं ते लिहिलं. त्यात एक चूक राहिली, ती तुमची आणि माझी.

माघ लागला की घंटी बसवायला येतो. एक दिवस राहीन. बायका हळदीकुंकवाला जातील, नामा खळ्यावर असेल, ओटीवर आपण दोघंच असू तेव्हा ते एकदा नीट सांगा. घाईनं नको. पाणी कुठवर होतं, साहेब कितव्या गटांगळीला हाती लागला, पाय दगडाखाली गेला तेव्हा तुम्ही त्याला सोडलं कसं नाही, सगळं. चौतीस वर्षं तुम्ही लोकांना सायकलीची गोष्ट सांगितलीत. नदीची कोणी विचारलीच नाही. मी विचारतो आहे.

आपला,
आबाजी